त्राटिकेचं नाक आणि ग्रीसची पाहुणी

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. ही गोष्ट सांगणारा मी एक जुना लाकडी मुखवटा आहे आणि स्वभावाने काही फार चांगला नाही. जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की एकदम साधू होतात. ‘मी झिजलो, पण मला खंत नाही,’ असं म्हणतात. मी झिजलो आणि मला भरपूर खंत आहे. शिवाय एका कागदी बाईचा मला मत्सर वाटतो. ती बाई मूळची ग्रीस देशातली. मी शहापूर तालुक्यातला, शेणव्याच्या अलीकडच्या एका लहान गावातला. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. तरी पडली.

माझा जन्म वादळात आडव्या झालेल्या आंब्याच्या खोडातून झाला. आमच्या कोंडूच्या वडिलांनी वाकस आणि पटाशी घेऊन पंधरा दिवस मला तासलं. बटबटीत डोळे, फेंदारलेलं नाक, चार सुळे आणि हनुवटीपर्यंत लोंबणारी जीभ. तोंडाला काळा रंग, जिभेला लाल. झालो मी त्राटिका! रामायणातली राक्षसीण. मूळची देखणी यक्षीण, पण ऋषीचा शाप लागला आणि तोंड असं झालं. पुढे रामाच्या बाणाने मेली.

आमच्याकडे उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात तेव्हा बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून गडी संबळाच्या तालावर गावातून नाचतात. अशा एकेका मुखवट्याला सोंग म्हणतात. सोंग ज्या त्या घराचं असतं. एका घराला एकच सोंग, आणि त्याचा मान बापाकडून पोराकडे जातो. बाकीची सोंगं रात्रभर निघतात. माझी पाळी सगळ्यात शेवटी, चांगलं उजाडल्यावर. तोवर निम्मा गाव पेंगत असतो. आयांच्या मांडीवर पोरं झोपलेली असतात. मी जाऊन त्यांच्यासमोर जीभ हलवायचो. किती पोरं रडली ते मी दरवर्षी मोजायचो. माझं सगळ्यात चांगलं वर्ष एकवीस पोरांचं. त्यात एक तलाठीही होते, पण त्यांना मी धरत नाही.

आधी कोंडूच्या वडिलांनी मला नाचवलं, मग कोंडूने. लोक म्हणायचे, “कोंडूची त्राटिका बघितल्याबिगर उठायचं नाय.” मला वाटायचं, हे असंच चालणार. पण माणसाला गुडघे असतात, मित्रांनो. मुखवट्याला ते नसतात, म्हणून त्याच्या लक्षात येत नाही. कोंडूचे गुडघे गेले. मागच्या खेपेला त्याने मला कसंबसं देवीच्या अंगणापर्यंत नेलं आणि रामाचा बाण लागायच्या आधीच तिथे खाली बसला. त्याचा मुलगा आसनगावला कारखान्यात. त्याने फोनवर सांगितलं, “मला सुट्टी नाय मिळत, बाबा.” मग मी भाताच्या कणगीवरच्या खिळ्याला लटकलो. कोळ्याने माझ्या तोंडात संसार थाटला. खाली कोंबडी अंडी उबवायची आणि मान वर करून माझ्याकडे बघायची. ती सुद्धा घाबरत नव्हती.

अशात एका जानेवारीत वंदना मॅडम घरी आल्या. त्या गावातल्या शाळेच्या शिक्षिका. मुरबाडच्या बाजूच्या. कोंडूची नात जया त्यांच्या सातवीत होती.

“कोंडूबाबा, एक मुखवटा करून द्याल का? गॅदरिंगला नाटक बसवतेय. ग्रीक आहे.”

“कोनत्या गावचं?”

“गाव नाही हो, देश आहे. ग्रीस. समुद्राच्या पार पलीकडे.”

“मंग एसटी जात नसंल,” कोंडू म्हणाला. कोंडूची बायको सकुबाई चुलीपाशी हसली.

मॅडमनी उंबऱ्यावर बसून गोष्ट सांगितली. मेदुसा नावाची एक बाई. केसांच्या जागी जिवंत साप. तिच्या डोळ्यांत जो बघेल त्याचा दगड व्हायचा. परसियस नावाच्या वीराने तिच्याकडे थेट पाहिलंच नाही. चकचकीत ढालीत तिचं प्रतिबिंब बघत गेला आणि तिचं मुंडकं उडवलं.

“पण आधी ती फार सुंदर होती बरं का,” मॅडम म्हणाल्या. “तिचे केस तर बघत राहावे असे. मग एका देवीचा शाप लागला.”

मी खिळ्यावर ताठ झालो. सुंदर होती, शाप लागला, तोंड बिघडलं, वीराने मारलं. ही तर माझी कथा! समुद्रापलीकडे कोणी नेली ही?

मॅडम पुढे सांगत होत्या की ग्रीसमध्ये दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी टेकडीच्या उतारावर दगडी पायऱ्या केलेल्या असत. त्यावर हजारो माणसं बसत आणि दिवसाउजेडी नाटकं बघत. नटांच्या तोंडावर मुखवटे. बायकांची कामंसुद्धा गडीच करत.

“आमच्यावानीच की,” कोंडू म्हणाला.

“हो. पण त्यांचा नाटकातला एकही मुखवटा आज उरलेला नाही. कापडाचे होते, लाकडाचे होते. गेले कुजून. दगडात आणि मातीत कोणी त्यांच्या नकला करून ठेवल्या, तेवढ्याच उरल्या.”

 मॅडम गेल्यावर कोंडू उठला, गुडघ्यावर हात टेकत माझ्यापाशी आला आणि मला खिळ्यावरून उतरवलं. तोंडातला कोळी झटकला. माझ्या गालावरून हात फिरवला. मग सकुबाईला म्हणाला, “याला तेल लाव गो.”

मित्रांनो, मला काय वाटलं असेल याचा विचार करा. दिवाळीच्या दिवशी सुद्धा मला कधी तेल मिळालं नव्हतं. सकुबाई कपाळाला लावतेय, गालांना चोळतेय, मी डोळे मिटायच्या बेतात. आणि तेवढ्यात कोंडूने चिंचोक्याच्या खळीत भिजवलेला वर्तमानपत्राचा थंडगार लगदा माझ्या तोंडावर थापला!

साचा! मी साचा झालो होतो. तेल माझ्यासाठी नव्हतंच. वर थापलेला कागद सुटा निघावा म्हणून होतं. थरावर थर चढले, वर कीड लागू नये म्हणून मेथीचं पीठ. चार दिवस मी त्या लगद्याखाली गुदमरून अंगणात पडून होतो. कोंबडी येऊन एकदा टोच मारून गेली.

पाचव्या दिवशी कोंडूने तो कागदी चेहरा ओढून काढला तेव्हा नाकाचा शेंडा तुटून माझ्याच नाकाला चिकटून राहिला. सकुबाई तिथे तेल लावायला विसरली होती. मी मात्र मनाशी म्हटलं, मी सोडलं नाही म्हणून राहिलं. माझं नाक आहे, मी का देऊ? पण माझा डाव माझ्यावरच उलटला. कोंडूने नवा तुकडा जोडला, तो किंचित वाकडा बसला आणि त्या वाकड्या नाकाने ती माझ्यापेक्षा भयानक दिसायला लागली. काथ्याच्या दोऱ्यांना हिरवा रंग देऊन त्यांचे साप केले. जयाने मोटारसायकलचा फुटका आरसा आणून त्याचे दोन गोल डोळ्यांवर बसवले. बघायला मात्र खाली नाकपुड्यांजवळ भोकं. जो मेदुसेकडे बघेल त्याला स्वतःचंच तोंड दिसायचं.

“आजोबा, हलकी हाय किती!” जया तिला तोंडावर धरून म्हणाली. “डोक्यावर टोपी ठेवल्यासारकी.”

माझ्याबद्दल असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या खाली आलेला माणूस आधी ‘अगाई गं’ म्हणायचा.

गॅदरिंगला मला पण नेलं. ‘आपल्याकडचाही मुखवटा’ म्हणून मॅडमनी मला टेबलावर ठेवलं. एका बाजूला पाण्याचा जग, दुसऱ्या बाजूला बक्षिसांची कंपासपेटी. समोर सगळा गाव सतरंजीवर. मितेश नावाचा एक उंच मुलगा परसियस झाला होता. ढाल म्हणून त्याच्या हातात खिचडीचं मोठं ताट होतं, घासून लखलखीत केलेलं. मेदुसेच्या आत जया. आता पडदा सरकणार, तोच धोंडूबाई उठली.

धोंडूबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. बोहाड्यात कोणतं सोंग कधी निघायचं, कोणाला कुंकू कुठे लावायचं, हे तिच्याइतकं कोणालाच पाठ नाही.

“थांबा रे! नारळ फोडला का?”

“आजी, नाटक आहे,” मॅडम म्हणाल्या.

“नाटक आसंल. तोंडावर मुखवटा चढवताय ना? मंग नारळ फोडल्याबिगर कसा चढवताय? बिगरनारळाचं सोंग नाचंल तर कोपंल नाय का ते?”

 पुढे बसलेला गाव माना डोलावत होता. म्हणून मॅडमनी धोंडूबाईला मंचावर येऊ दिलं. तिने कमरेच्या पिशवीतून नारळ काढला. तो तिच्याकडे असायचाच. मेदुसेच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, सापांना पण थोडं थोडं लावलं आणि मंचाच्या कडेवर नारळ फोडला. परसियस ताट घेऊन तसाच उभा. त्याला प्रसादाचा तुकडा मिळाला. तो खाऊन मग त्याने तिचं मुंडकं उडवलं.

चौतीस पोरं रडली. मी मोजली. चौतीस! माझ्या नाकाने, माझ्या गालांनी, माझ्या सुळ्यांनी. आणि लोक म्हणत होते, “काय मेदुसा हाय!”

एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसलो असतो. शाळेच्या कपाटात गेली असती ती, उंदरांनी बाकीचं बघितलं असतं. पण चैत्रात बोहाड्याची बैठक बसली आणि धोंडूबाईने विषय काढला.

“मेदुसेचा नारळ फुटलाय. ती आता सोंग झाली. तिला नाचवायला पायजे.”

बोहाड्याचा प्रमुख जयराम. माणूस कायद्याचा. तो डोकं खाजवत म्हणाला, “आगो आजी, ती परदेशातली. तिला कोणच्या पुराणात बसवू?”

“सोंगाला पुराण कशाला? नारळ लागतो. तो फुटला. आता कपाटात कोंडून ठेवशील नि उद्या भातावर कीड आली तर मला सांगू नको.”

कीड म्हटल्यावर सगळेच सावरून बसले. मग सोंग कोणत्या घराचं, हा प्रश्न आला. केलं कोंडूने, नाचवलं त्याच्या नातीने. म्हणजे कोंडूच्या घरचं.

“पन एका घराला एकच सोंग,” जयराम म्हणाला. “त्राटिका तरी नाचव, नाय तर ही तरी. आनि सांगून ठेवतो कोंडू, निघालेलं सोंग निम्म्यात थांबलं तर मान तुझ्या घरातून गेला. मागच्या साली तू बसलास, तेवा आमी डोळे झाकले. दोनदा नाय झाकनार.”

तर मित्रांनो, प्रश्न असा होता. मी किंवा ती.

सकुबाई म्हणाली, “जया नाचंल.”

“पोरगी?” जयराम म्हणाला. “त्या ग्रीसात पन गडीच करायचे बायांची सोंगं. मॅडमच सांगत व्हत्या.”

“मंग त्यांचं पन चुकलंच होतं,” जया म्हणाली.

बैठक हसली. धोंडूबाई तर तोंडाला पदर लावून हलायला लागली. “बाईचं तोंड नि आत मिशीवाला! इतकी वर्सं हसू दाबून बसलेय मी. नाचू दे तिला.”

“बरं, नाचू दे. पन हिला मारनार कोन?” जयरामने शेवटचा पेच टाकला.

“राम मारंल,” धोंडूबाई म्हणाली. “त्राटिका नाय निघाली तर तो रिकामाच हाय, त्याला काय देशाचं बंधन हाय?”

घरी आल्यावर जयाने मला उचलून तोंडावर चढवलं. तिची मान लगेच पुढे वाकली. मी तरी काय करू? मी आंबा आहे, कागद नाही. कोंडू बघत होता. “तुला पेलायचा नाय तो,” म्हणाला. मला तिच्या हातातून घेतलं आणि खिळ्याला टांगलं. टांगताना माझं तोंड भिंतीकडे केलं. चुकून केलं की मुद्दाम, मला ठाऊक नाही. पंधरा दिवस मी शेणाने सारवलेली भिंत बघत होतो.

पाठीमागे काय चाललंय ते ऐकू यायचं. संबळवाला बुधा रोज यायचा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, “हिची चाल काय?” कारण प्रत्येक सोंगाला स्वतःची चाल असते. गणपतीची वेगळी, मारुतीची वेगळी. मेदुसेला कुठली चाल? ती गोष्टीत नाचतच नाही. नुसती उभी राहून बघते.

कोंडू म्हणाला, “त्राटिकेची वाजव.”

बुधाने वाजवली. मित्रांनो, कथा गेली होती, नाक गेलं होतं. चाल तेवढी माझी म्हणून उरली होती. तीही त्या दुपारी अंगणात दुसऱ्या बाईच्या पायांत गेली आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिलो. त्या दिवशी मी सूर्याला विनवलं, वैशाखात जरा जास्त ताप. कागद आहे तो. खळीने चिकटवलेला आहे.

मी आधीच सांगितलं होतं, मी चांगला नाही.

बोहाड्याच्या दिवशी ऊन सकाळीच तापलं. कोंडूने मला पंच्यात गुंडाळून सोबत घेतलं. सकुबाई म्हणाली, “त्याला कशाला?” तो म्हणाला, “घरात एकला नको.” देवीच्या अंगणाशी एका दगडावर तो बसला, मी त्याच्या मांडीवर. उघडा.

जया निघाली. खरं सांगतो, छान नाचत होती. साप उडत होते, आरशांतून ऊन लोकांच्या तोंडावर फिरत होतं. पोरं किंचाळत होती. मी दात आवळून बघत होतो. दात माझे कायमचेच आवळलेले आहेत, पण त्या दिवशी जरा जास्त.

देवीचं अंगण जवळ आलं आणि जयाला घाम आला. आधी एक साप लोंबला. मग दुसरा. हनुवटी मऊ पडली आणि खाली झुकली. ते जोडलेलं नाक सुटून धुळीत पडलं. एक आरसा निखळला. एक पोरगं हसलं, मग त्याच्याबरोबर दहा हसली. जयाचे पाय अडखळले. बुधा वाजवत होता, पण वळून वळून बघत होता. जयराम जागेवरून उठला.

मी मागितलं होतं, तेच सगळं झालं होतं. अगदी तसंच.

जया धावत कोंडूपाशी आली आणि लोकांकडे पाठ करून उकिडवी बसली. पायांनी मात्र बसल्या बसल्या ठेका धरून होती, सोंग थांबलं असं कोणी म्हणू नये म्हणून. “आजोबा,” एवढंच म्हणाली.

कोंडूने तो ओला कागद तिच्या तोंडावरून हलकेच सोडवला, दगडापाशी ठेवला आणि मला उचलून तिच्या कपाळावर टेकवलं.

“मला नाय पेलायचा!”

“पेलायला कोन सांगतो? मान ताठ धरू नको. ढिली सोड. तो जिकडं झुकंल तिकडं पाय टाक. मी पन आसाच नाचलो नि माझा बाप पन.”

त्याने मागे दोरी आवळली. जया उठली.

माझ्या डोळ्यांची भोकं कोंडूच्या वडिलांच्या मापाची. जयाला त्यातून उजवीकडचं थोडं दिसत होतं, डावीकडचं काहीच नाही. माझ्या आत तिचा श्वास धापा टाकत होता. आणि मग माझ्या आतल्या बाजूने, जिथे आजवर फक्त गड्यांचा घाम वाहिला होता, तिथून डोळ्यांतलं पाणी खाली आलं. ते कशामुळे आलं हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. सूर्य मी बोलावला होता.

“डावी घे!” कोंडू दगडावरून ओरडला. “आता उजवी! पुढं दगड हाय, दगड!”

लाकडाला काय करता येतं, मित्रांनो? काहीच नाही. पण मी तिच्या कपाळावर टेकून राहिलो, जेवढं जमेल तेवढं गप्प. तिने मान सोडली. मी झुकलो, ती झुकली. मी वळलो, ती वळली. पाच पावलांनंतर कोण कोणाला नेतंय हे कळेना. बुधाच्या हातात जोर आला. “आता खरी!” असं कोणीतरी म्हणालं. देवीच्या अंगणात राम वाट बघत होता. त्याने बाण मारला आणि जया धाडकन पडली. राक्षसिणीने पडावं तशी, हातपाय पसरून.

जयराम पुढे आला.  मग म्हणाला, “सोंग थांबलं नाय. तोंड बदललं. तोंड बदलू नये असं काय आपल्यात लिवलेलं नाय.” आणि बुधाला खूण केली. मान कोंडूच्या घरातच राहिला.

जयाने मला काढलं. तिच्या कपाळावर माझा लालभडक वळ उठला होता. तिने मला हातात धरलं. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, तूच रे बाबा. आता म्हणेल, तुझ्यासारखा तूच.

ती म्हणाली, “आजोबा, ती मेदुसा तिकडं उन्हात पडलीय. कोनतरी पाय दील. आधी तिला सावलीत घ्या.”

जळलो मी. आंब्याचं लाकूड चांगलं जळतं.

कोंडूने तिला उचलून पंच्यावर माझ्या शेजारी ठेवलं. नाक नाही, एक डोळा नाही, हनुवटी गळालेली. दोघंही आडवे, आभाळाकडे तोंड करून. मी तिच्याकडे बघणार नव्हतो. पण तिचा उरलेला आरसा माझ्याच बाजूला होता आणि त्यात माझंच तोंड दिसत होतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याला भिंतीकडे तोंड करून टांगू नका. पावसाच्या आधी एकदा ऊन दाखवा, भुंगा लागलाय का ते बघा आणि वर्षातून एकदा तरी हातात घ्या. नवं आलं म्हणून जुनं टाकू नका. आणि मी हे म्हणतोय यावर विश्वास ठेवायला जड जाईल, पण जुनं आहे म्हणून नवंही उन्हात टाकू नका. दोघांना एकाच भिंतीवर जागा द्या.

फक्त मला चार बोटं वर.